पाणी आलं, ठेवते

श्टुटगार्ट, ११ जानेवारी

ती. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं आप्पा विचारतीलच. आई, गेल्या रविवारी मी तुला माझ्या कंबरेचं सांगत होते. डॉक्टर काय म्हणाले तिथपर्यंत आले आणि तू म्हणालीस, "पाणी आलं गं, ठेवते." ठेवलासच. माझी कंबर आठवडाभर अर्ध्यावरच राहिली. (बरी आहे. खुर्चीत सरळ बसायला सांगितलंय, बाकी काही नाही.) म्हणून हे पत्र. पाणी आलं तरी हे तुटत नाही. दादाच्या मोबाइलवर पाठवतेय, तो मोठ्या अक्षरात छापून देईल.

इथे पाणी येत नाही. म्हणजे असतंच. चार वर्षांत 'पाणी आलं' हे दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत आणि खरं सांगू का, चुकल्यासारखं होतं. आपल्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी-चतुर्थीपेक्षा पाण्याच्या दिवसांभोवती आप्पांनी काढलेल्या लाल पेनाच्या गोलांना मान. चौथ्या-पाचव्या दिवसाचा गोल आला की त्याच्याभोवती सगळं फिरायचं: केस धुणं, गोधड्या भिजवणं, पाहुण्यांना 'या' म्हणणं. मामा एकदा गोलाच्या आदल्या दिवशी सहकुटुंब आला. तू हसून "या, या" म्हणत होतीस, पण नजर पिंपाकडे. माझा बघण्याचा कार्यक्रमसुद्धा पाण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवला होता, हे मी यांना लग्नानंतर सांगितलं. फरशी चकाचक, आप्पा हसतमुख. सासरच्यांना वाटलं, ही मंडळी कायमच अशी.

नळाचा तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. आधी नुसती हवा, फुस्स. मग म्हाताऱ्यानं खाकरावं तसं काहीतरी. मग गढूळ धार. पहिली बादली संडासला, दुसरी भांड्यांना, तिसरीपासून नळाला फडकं बांधायचं. बॅरल, पिंप, तांब्याची हंडी, घागरी, कळशी, आणि सगळं भरलं तरी तुझा जीव राहायचा नाही म्हणून कुकर आणि ताकाची बरणी. शेजारच्या काकू खिडकीतून ओरडायच्या, "झालं का वो भरून?" त्या ओरडण्यात चौकशी कमी, तुमची मोटार आमचं पाणी ओढतेय ही तक्रार जास्त.

इथे आल्यावर पहिल्याच रात्री मी बाथटब काठोकाठ भरून ठेवला. यांनी विचारलं, आंघोळ करतेस? मी म्हटलं, नाही, असू दे. हे काही बोलले नाहीत, वर्षाच्या शेवटी बिल बोललं. इथे पाण्याचे पैसे देतात ते देतातच, वर तेच पाणी गटारात सोडल्याचेही देतात. तेव्हापासून टब रिकामा. पण स्वयंपाकघरात दोन झाकलेली पातेली असतात ती असतातच.

आणि त्या पातेल्यांनी इज्जत राखली. नोव्हेंबरात जिन्यापाशी चिठ्ठी लागली, मंगळवारी सकाळी आठ ते बारा पाणी बंद, पाइपाचं काम आहे. चार तास! तेवढ्यावर बिल्डिंगमध्ये सुतकी कळा. आदल्या रात्री मी पदर खोचला (ट्राउझरला पदर नसतो, पण समजून घ्या). बादल्या, कुकर, इडलीपात्र, पोरीचं वाळूत खेळायचं डबडंसुद्धा. दहा वाजता खालच्या मजल्यावरची आजी रिकामी किटली घेऊन दारात. मी तिला आत नेऊन मोडक्या जर्मनमध्ये समजावलं, हे प्यायचं, ते वापरायचं, त्यात हात घालायचा नाही. ती सगळीकडे बघतच राहिली. म्हणाली, हे कुठे शिकलीस? म्हटलं, सोलापूर.

हीच आजी एकदा रविवारी भांडायला आली होती. इथे रविवारी आवाज करायचा नसतो, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. आणि मी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटत होते, कारण मिक्सरमधल्या चटणीला तेल सुटत नाही हे तुझंच शिक्षण. आता खलबत्त्याखाली सोलापुरी चादरीची चौघडी घालते. अजिबात आवाज नाही. चादरवाले हे वाचतील तर जाहिरातीत घालतील.

आप्पा, उजनी धरण किती टक्के भरलंय? दादाला विचारलं तर म्हणतो, "काय बे, तिकडं बर्फ पडतंय आणि तुला उजनीचं पडलंय!" पडलंय खरं. पुण्याकडे पाऊस झाला की आपल्याला आनंद, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की घरात आजारी माणूस असल्यासारखी कुजबुज. धरण भरलं काय, रिकामं झालं काय, नळ मात्र त्याच्याच गोलाला येतो. त्यावर तुमचं एक ठरलेलं वाक्य आहे: सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात माणसं जमवून तळं खोदलं, आणि आपण अजून बादल्या मोजतोय. ते वाक्य मी इथे कुणाला तरी सांगायला गेले, पण भाषांतरात त्याचा राग निघून गेला.

दोन-तीन दिवसांत सिद्धरामेश्वरांच्या जत्रेतला अक्षता सोहळा. बाराबंदी घालून दादा यंदाही नंदीध्वजाबरोबर जाणार ना? नंदीध्वजांच्या सातही काठ्यांचा व्हिडिओ पाठव म्हणावं, आणि "हर्र बोला हर्र" चालू असताना मध्ये स्वतः बोलू नको म्हणावं. पोरीला गड्ड्यावरचा, म्हणजे जत्रेतला, पाळणा बघायचाय. तिला मी सांगितलंय की पुढच्या जानेवारीत. तिकिटं अजून बघितली नाहीत.

आत्ता इथे रात्रीचे साडेनऊ. म्हणजे तुमच्याकडे दोन. वहिनी म्हणाली, या महिन्यात आपल्या भागाला दोनलाच सोडतात, आणि आज गोल आहे. उठला असाल.

तुमची,
ताई

ता. क. टाकी भरली का बघायला आप्पांनी बॅटरी घेऊन जिना चढायचा नाही. दादाला उठवा. तो उठत नसेल तर वाहू द्या.