घाटाच्या पायथ्याशी रिकामी होणारी बॅटरी: प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीबद्दल तक्रार

दिनांक: १२ जुलै
कोथरूड, पुणे

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
भारतातील मुख्य कार्यालय

विषय: गाडीत ‘बॅटरी राखा’ (पुढच्या चढणीसाठी बॅटरीतला साठा शिल्लक ठेवणारा) हा मोड न दिल्यामुळे घाटात अचानक ताकद कमी होणे; तसेच इंजिन ऑइलची तपासणी

संदर्भ: मे आणि जून महिन्यांतली तीन जॉब कार्डं (प्रती सोबत)

महोदय,

गेल्या दसऱ्याला मी आपली प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी चार्ज करून विजेवर आणि शिवाय पेट्रोलवरही चालणारी, कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. आजपर्यंत ती ९,४०० किलोमीटर चालली आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये तिन्ही वेळा मला ‘काका, या गाडीची सवय व्हायला वेळ लागतो’ असं सांगण्यात आलं, म्हणून आधीच लिहितो: सवय झाली आहे, आणि शहरात ही गाडी मला मनापासून आवडते. मी ३१ वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत गिअर बनवण्याच्या कामात काढली. मशिनवर लोड आला की ते कसं वागतं, हे मला पुस्तकात पाहावं लागत नाही. त्यामुळे हे पत्र ‘पिकअप कमी वाटतो’ अशा मोघम तक्रारीचं समजू नये.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी मी कोथरूडहून वाईला निघालो. आई ८४ वर्षांची आहे. दवाखान्याच्या कामासाठी पुण्यात आली होती, तिला घरी सोडायचं होतं. पुढे पत्नी, मागे आई आणि मुलगा. बॅटरी रात्रभर लावून ठेवलेली, १०० टक्के. एसी सुरू, बाहेर ३९ अंश. चांदणी चौक, वारजे, नवले पूल, नवा कात्रज बोगदा, सगळं शांतपणे पार पडलं. इंजिन एकदाही सुरू झालं नाही. शिरवळ मागे पडलं तशी बॅटरी तळाला लागत आली आणि सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या अलीकडे आकडा १५ टक्क्यांवर येऊन थांबला. याच्या खाली ती उतरत नाही. तेवढा साठा गाडी स्वतःच्या कामासाठी राखते, हे मला मान्य आहे.

त्यानंतर खंबाटकीचा घाट लागला. दुसऱ्या वळणानंतर पुढे साखरेच्या पोत्यांनी भरलेला ट्रक अगदी मुंगीच्या पावलानं चढत होता. मी आरसा पाहून उजव्या लेनला आलो आणि ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज वाढत गेला, गाडी मात्र पुढे जाईना. पडद्यावर कासवाचं पिवळं चिन्ह आलं, त्याखाली ताकद मर्यादित केल्याची सूचना. पाय पूर्ण खाली असताना वेग ४४ वरून २३ वर आला. मागून एसटी येत होती, चालक डिपर मारत होता. मी ट्रकच्या शेजारी अडकलो होतो, ना पुढे जाता येत होतं ना मागे. एसटीच्या चालकानं प्रसंग ओळखून वेग कमी केला, म्हणून मला पुन्हा ट्रकच्या मागे शिरता आलं. मागून आईनं विचारलं, “गाडी दमली का रे?” मला उत्तर देता आलं नाही.

खंबाटकीचा हा घाट साताऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी एकेरी आहे, येणारी वाहनं बोगद्यातून येतात. म्हणून समोरून कोणी आलं नाही. हाच प्रकार बोपदेव किंवा ताम्हिणी घाटात, दुहेरी रस्त्यावर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता हे का झालं ते लिहितो. आपल्या मॅन्युअलप्रमाणे ताशी ७० किलोमीटरच्या आत या गाडीचं इंजिन चाकांना थेट जोडलेलं नसतं. ते जनरेटर फिरवतं, जनरेटर वीज करतो आणि त्या विजेवर मोटर चाकं फिरवते. बॅटरीत साठा असतो तेव्हा मोटर हवी ती जादा ताकद बॅटरीतून ताबडतोब उचलते, म्हणूनच शहरात गाडी इतकी चपळ वाटते. बॅटरी तळाला गेली की मोटरला त्या क्षणी जनरेटर जेवढं देईल तेवढ्यावरच भागवावं लागतं. त्यातलं थोडं एसी घेतो. शिवाय ३९ अंशांत साठ किलोमीटर सतत वीज ओढल्यानं बॅटरी तापलेली असते, म्हणून तिच्या संरक्षणासाठी कंट्रोलर तिचं देणं आणखी आवळतो. इंजिनचे फेरे वाढून जनरेटर पूर्ण भरात येईपर्यंत ओव्हरटेकची वेळ निघून गेलेली असते. गाडीनं कसं वागावं असं जे ठरवून दिलं आहे तसंच ती वागली. माझा आक्षेप त्या ठरवण्यालाच आहे.

सपाट महामार्गावर ताशी ८० नं जाताना इंजिन थेट चाकांना जोडता येतं आणि तिथे ते सगळ्यात कमी पेट्रोलमध्ये काम करतं. नेमक्या त्याच रस्त्यावर आपलं सॉफ्टवेअर बॅटरी संपवून टाकतं. जिथे मोटरच्या जोराची खरी गरज, तिथे साठा उरलेला नसतो. कोथरूडपासून घाटाचा पायथा साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे आणि महामार्गावर ही गाडी विजेवर साधारण पंचावन्न किलोमीटर जाते. म्हणजे पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा आपला प्रत्येक ग्राहक, रात्रभर प्रामाणिकपणे चार्ज करून निघालेला, रिकाम्या बॅटरीनं खंबाटकीला भिडणार. ज्यानं चार्ज केलीच नाही त्याच्या आणि या ग्राहकाच्या गाडीत तिथे काहीच फरक नाही.

किती वीज राखली असती तर पुरली असती, याचा हिशेब मी वहीत केला. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन २,१०० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंच चढवायला सुमारे ०.५७ युनिट लागतं. हा आठवी-नववीच्या विज्ञानातला हिशेब आहे: वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची. दोनशे मीटरची चढण धरली तरी सव्वा युनिटाच्या आत, मोटर आणि कंट्रोलरमधली तूट धरून दीड युनिट. बॅटरी १२ युनिटांची आहे. तळाच्या १५ टक्क्यांवर आणखी १५ टक्के, म्हणजे १.८ युनिट, बाजूला ठेवले असते तर सगळी चढण निव्वळ विजेवर निघाली असती. इंजिन साथीला असताना तर त्याच्या निम्म्यातही भागलं असतं. एवढ्यासाठी मला नवा पार्ट नको, मोठी बॅटरी नको.

हा नुसता कागदी तर्क राहू नये म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तोच रस्ता पुन्हा केला. या वेळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून ‘स्पोर्ट’ मोड लावला, कारण त्या मोडमध्ये इंजिन सतत सुरू राहतं आणि बॅटरीचा साठा टिकतो. नाक्यावर आकडा ६४ होता, घाटाच्या पायथ्याशी ५८. तीच चार माणसं, तसंच ऊन. त्या दिवशी घाटात मी तीन ट्रक ओलांडले, एकदाही पाय पूर्ण खाली न्यावा लागला नाही. गाडीत ताकद आहे, ती कुठे वापरायची हे चालकाच्या हातात नाही, इतकंच यातून दिसतं. पण स्पोर्ट मोडमध्ये ॲव्हरेज ११ वर येतं. घाटासाठी दीड युनिट वाचवायला मी एवढं अंतर इंजिन घुमवत न्यायचं, हा उपाय होऊ शकत नाही.

आणि आता ज्या गोष्टीनं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ती. आपण डिलिव्हरीच्या वेळी दिलेल्या मॅन्युअलमध्ये ‘बॅटरी राखा’ या मोडला अख्खं पान दिलं आहे. चित्र आहे, चालू कसा करायचा ते आहे, आणि ‘डोंगराळ रस्त्यावर जाण्याआधी उपयुक्त’ असं वाक्यही आहे. माझ्या गाडीच्या पडद्यावर मात्र तीनच मोड दिसतात: इलेक्ट्रिक, हायब्रिड, स्पोर्ट. सर्व्हिस ॲडव्हायझरला ते पान उघडून दाखवलं तर तो म्हणाला, “सर, तो इंडिया व्हेरिएंटला नाही.” पोरगा सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण ज्या देशात सह्याद्री ओलांडल्याशिवाय पुण्याहून कोकणात उतरता येत नाही, तिथल्या गाडीतून डोंगराचा मोड काढून टाकण्याचा निर्णय कोणी आणि कशासाठी घेतला, हे मला लेखी कळायला हवं. यंत्र तेच, बॅटरी तीच, मॅन्युअलसुद्धा तेच. फरक आहे तो सॉफ्टवेअरच्या काही ओळींचा.

तिन्ही जॉब कार्डांवर शेवटी एकच शेरा आहे: एरर कोड नाही, गाडी सामान्य. दुसऱ्या खेपेला टेस्ट ड्राइव्ह झाली ती बाणेर रस्त्यावर, ८० टक्के चार्ज असताना. तिथे ही गाडी चांगलीच चालणार. मी टेक्निशियनला सोबत घाटापर्यंत चला म्हटलं, पेट्रोल माझं. ‘पॉलिसीत बसत नाही’ असं उत्तर आलं.

जाहिरातीतल्या ॲव्हरेजबद्दल मी भांडत नाही. रोज सकाळी मी वेताळ टेकडीवर फिरायला जातो, गाड्यांच्या चाचण्या करून प्रमाणपत्र देणाऱ्या एआरएआय या संस्थेची इमारत वाटेतच लागते, आणि प्रमाणपत्रातले आकडे कसे निघतात याची मला कल्पना आहे. गाडी रोलरवर चालते, भारतीय चाचणी चक्रात कमाल वेग ताशी ९० असतो, चढण नसते, एसी बंद असतो. युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही, प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट भरलं होतं. त्यामागचं एक मोठं कारण असं की गृहीत धरलं होतं तितकं लोक चार्जच करत नाहीत. मी करतो. सोसायटीच्या सभेत दोनदा उभं राहून परवानगी मिळवली, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून १६ अँपियरचा पॉइंट ओढून घेतला, एकही रात्र चुकवत नाही. आपल्याला हवा तसा ग्राहक मी आहे. गाडी माझ्या घाटात उपयोगी पडत नसेल तर ती खटपट मी कशासाठी केली?

आणखी एक गोष्ट, छोटी वाटेल पण यंत्राच्या जिवाशी आहे. ९,४०० पैकी इंजिनवर चाललेले किलोमीटर जेमतेम १,९०० आहेत. शहरात कधी पाय जोरात दाबला की थंड इंजिन एकदम सुरू होतं, दोन मिनिटं चढ्या फेऱ्यांवर चालतं आणि गरम होण्याआधीच बंद पडतं. अशा वेळी न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि आतली वाफ बाहेर पडायला उष्णताच मिळत नाही. मागच्या आठवड्यात डिपस्टिक काढून पाहिली. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर होती आणि त्याला पेट्रोलचा वास होता. ऑइल जळून कमी होतं, ते वाढलं तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय हे उघड आहे. ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ हा नियम नेहमीच्या पेट्रोल गाडीचा आहे. माझ्या गाडीतलं ऑइल प्रयोगशाळेत तपासून घ्यावं आणि अहवालाची प्रत मला द्यावी.

नवले पुलाच्या उतारावर, जिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी आजवर किती घरं उजाड केली आहेत, तिथे परतीच्या वाटेवर ही गाडी मोटरनं स्वतःला आवरत उतरते. ब्रेकला पाय लावावा लागत नाही आणि बॅटरी भरत जाते. दर वेळी मला ते पाहून बरं वाटतं. ज्यांनी उतार इतका नीट बांधला, त्यांना चढण जमणार नाही असं मला वाटत नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. मॅन्युअलमध्ये छापलेला ‘बॅटरी राखा’ मोड माझ्या गाडीत विनामूल्य सुरू करून द्यावा आणि राखायची टक्केवारी चालकाला ठरवता यावी. ते होईपर्यंत निदान हायब्रिड मोडमधली तळाची मर्यादा १५ वरून ३० टक्क्यांवर आणावी. आपला टेक्निशियन एकदा माझ्यासोबत, चार माणसं बसवून, एसी लावून, खंबाटकी चढून यावा आणि त्या फेरीतली बॅटरीचं तापमान, जनरेटरची ताकद व चार्जची नोंद मला मिळावी. आणि घाटात ताकद अशी कमी होणं आपल्या मते ‘सामान्य’ असेल, तर ते तसं लेखी द्यावं आणि माहितीपत्रकातही छापावं, म्हणजे पुढचा माणूस आईला मागे बसवून निघण्याआधी ते वाचू शकेल.

या पत्राचं उत्तर ३० दिवसांत अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. तो वापरावा लागू नये अशी माझी खरोखर इच्छा आहे. मला गाडी परत करायची नाही, ती नीट करून हवी आहे. सध्या मी वाईला जाताना शिरवळच्या चार्जरवर चाळीस मिनिटं थांबतो. गेल्या वेळी पावसात आई गाडीतच बसून राहिली होती.

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत: तीन जॉब कार्डांच्या प्रती, मॅन्युअलमधील संबंधित पानाचा फोटो, पडद्यावरील सूचनेचा फोटो, दोन्ही प्रवासांतल्या चार्जच्या नोंदी व वहीतील हिशेब.