आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत अकरा न्हाण्या बांधायच्या आहेत : गावकरी आणि बाहेरगावच्या मंडळींना आवाहन

समस्त गावकरी, सुरत, नाशिक, पुण्याला असलेली आपली मंडळी, गावच्या लेकी आणि जावईबापू, सगळ्यांना मंडळाच्या वतीने नमस्कार.

घाईत लिहितोय, कारण आखाजी तोंडावर आलीय आणि काम अर्ध्यावर आहे. पण ज्यांनी आजवर साथ दिली त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढचं मागणं बरं दिसत नाही, म्हणून आधी ते.

2020 चा लॉकडाऊन कुणी विसरलं नसेल. सुरतहून माणसं हायवेने पायी, सायकलवर, मिळेल त्या गाडीला लटकून येत होती, धुळं मागे टाकून पारोळ्याकडे, काही तर थेट विदर्भापर्यंत चालली होती. तेव्हा आपल्या मंडळाने फाट्यावर चूल मांडली. भुसावळ रेल्वेतून रिटायर झालेल्या नानांनी पेन्शनमधून तांदळाची पोती पाठवली, वरच्या गल्लीतल्या आयाबायांनी दादर ज्वारीच्या भाकरी थापून दिल्या, आणि सुरतला आपल्या ज्या पोरांचं स्वतःचंच काम बंद पडलं होतं त्यांनीही जमेल तसे पैसे टाकले, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानंतर अभ्यासिका झाली. गुरुजींनी वडिलोपार्जित घराची ओसरी दिली, भाडं विचारलं तर रागावले, म्हणाले साने गुरुजी ज्या अमळनेरात मास्तर होते त्याच्या शेजारच्या गावात पोरांच्या अभ्यासाला भाडं घ्यायचं का. आज तिथे पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करणारी पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत बसतात. फेब्रुवारी 2024 ला अमळनेरला 97 वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा ह्याच पोरांना ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नेलं, डिझेल तात्यांचं, जेवणाचे डबे घराघरातून. कानबाईच्या रोटाला (आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला) सगळी भाऊबंदकी एक होते तसं आपलं गाव मनात आणलं की एक होतं, हा अनुभव आहे.

आता ह्या वेळचं काम. गावाच्या खालच्या अंगाला, बोरी नदीकडे जाताना जी वस्ती लागते, तिथल्या अकरा घरांना न्हाणी नाही. संडास आहेत, स्वच्छ भारतचे 12 हजार मिळाले त्यात बांधले. दारात नळ पण आलाय, चार-पाच दिवसाआड का होईना पाणी येतं. पण आंघोळ कुठे करायची याचा विचारच कुणी केला नाही. संडासाला अनुदान मिळालं, न्हाणीसाठी यातल्या कुणालाच काही मिळालं नाही, आणि आपणही इतकी वर्षं त्या रस्त्याने शेतात जात-येत होतो, आपल्यालाही दिसलं नाही. पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळक्या काड्यांचा) कुड, त्याला जुनी लुगडी बांधलेली, वर उघडं. बाया पहाटे अंधारात उठून, अंगावर कपडे ठेवून दोन तांबे ओतून घेतात. कापूस वेचणीच्या दिवसात अंगभर धूळ आणि खाज, पाळीच्या दिवसात तर विचारूच नका. आशाताईंनी मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं तेव्हा मंडळातले आम्ही पुरुष खाली मान घालून बसलो होतो.

त्यातल्या एका घराबद्दल लिहितो. नाव लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय, पण गोष्ट सांगायला परवानगी दिली. बाप सालदार (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी) आहे, माय मजुरीला जाते, म्हातारी आजी, एक मुलगा, धाकटी मुलगी आठवीत, मोठी सुरतला उधन्यात दिलेली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात, पण ही लेक लग्नानंतर दोन आखाज्या आलीच नाही. जावयाने सुट्टी दिली नाही असं माय सांगायची. खरं कारण नंतर कळलं, तिकडे चाळीत का होईना कडी लावायची सवय झाली होती आणि इथे उघड्यावर आंघोळ करायची तिला लाज वाटत होती. पलीकडच्या गल्लीतल्या आक्का तिच्या मायला कितीदा म्हणाल्या की आमच्याकडे येत जा, पण बाप ऐकायचा नाही. सालदारकी करतो पण कुणाचा मिंधा होणार नाही, हे त्याचं ठरलेलं. घरात यावरून भांडणं व्हायची, धाकटी रुसून शाळा बुडवायची.

मग मोठी पहिल्या बाळंतपणाला आली. दिवस उन्हाळ्याचे, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात, ओली बाळंतीण आणि चार दिवसांचं लेकरू, त्यांना त्या कुडात न्हाऊ घालायचं? आक्का स्वतः आल्या, कुणाला काही विचारलं नाही, बाळाला उचललं आणि बाळंतिणीला हाताला धरून घेऊन गेल्या. सव्वा महिना रोज शेक-शेगडी, गरम पाणी आक्कांच्या चुलीवर, न्हाणी आक्कांची. बापाने पहिले काही दिवस मान वर केली नाही. नंतर एका सकाळी तो आक्कांच्या घराच्या धाब्यावर (मातीच्या छतावर) चढलेला लोकांनी पाहिला, पावसाच्या आधी खारी माती टाकून सगळा धाबा त्याने नीट करून दिला, पैसे घेतले नाहीत. धाकटी तिथे आंघोळ करून निघताना फरशी घासून, बादली भरून ठेवते, तिला कुणी सांगितलेलं नाही. आजी रोज संध्याकाळी दिवा लावताना नातवंडांसमोर नावं घेते, आज पाणी कुणी दिलं, उसना पाटा-वरवंटा कुणाचा होता, मिरच्या कुणी दिल्या. पूर्वी त्या घरात काय नाही याचीच बोलणी असायची, आता कुणी काय दिलं हे पोरांना तोंडपाठ आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही यादी करायला गेलो तेव्हा ती माय म्हणाली, "आम्हनं नाव शेवटले लिखा भाऊ, आम्हले आक्कानं दार ते शे." म्हणजे आमचं नाव शेवटी लिहा, आम्हाला आक्कांचं दार तरी आहे. शेवटच्या घरी एकटी म्हातारी आणि तिची नात राहते, त्यांचं आधी करा म्हणाली. यादीत ह्या मायच्या घराचं नाव अकरावं आहे ते त्यामुळे, काहींनी विचारलं म्हणून सांगितलं.

मला मनापासून वाटतं की त्या लोकांचं मन एवढं मोठं आहे म्हणून आपण त्यांना तसंच ठेवायचं हे बरोबर नाही. "समाधानी आहेत बिचारे" असं मागच्या मीटिंगला एक जण बोलून गेला, वाईट हेतूने नाही, पण मला लागलं. त्यांनी उपकार मानले ते आक्कांचे. आपण अजून काय केलंय?

थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मागच्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकलं होतं. हात जोडल्याच्या खुणा खूप आल्या, "छान उपक्रम" खूप आलं, पैसे मोजक्याच लोकांचे आले. त्याच महिन्यात मिरवणुकीच्या डीजेची वर्गणी दोन दिवसात जमली. आमच्या मंडळाच्या पोरांनी तेव्हा उन्हात खड्डे खोदून ठेवले होते, ते पावसाने बुजले, परत खोदावे लागले. असो, झालं ते झालं. आजपर्यंत जमलेले 61 हजार ज्यांचे आहेत त्यांत वेचणीच्या मजुरीतून शंभर-शंभर देणाऱ्या वस्तीतल्याच बाया आहेत, हे बाहेरगावच्या मंडळींनी लक्षात घ्यावं.

हिशोब : एक न्हाणी 4 बाय 5 फूट, एक भिंत घराचीच, तीन विटांच्या, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आतून कडी लागणारं पत्र्याचं दार (बायांनी सगळ्यात आधी दारच मागितलंय), सांडपाण्याला 1 मीटर लांब-रुंद-खोल शोषखड्डा, दगडगोटे भरून, म्हणजे पाणी गल्लीत साचून डास होणार नाहीत. गवंड्याची मजुरी धरून एकीला साधारण 18 हजार, अकरांचे 1 लाख 98 हजार, जमा 61 हजार, कमी पडतात 1 लाख 37 हजार. पाच न्हाण्यांचा पाया झालाय, सिमेंट संपल्याने थांबलंय. पैसे नको असतील तर सिमेंटची गोणी, विटा, जुने चांगले पत्रे, दार, काहीही चालेल, आणायला तात्यांचा ट्रॅक्टर आहे. ज्यांना हे पण जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी 7 ला वस्तीवर यावं, खड्डे आणि दगड भरायचं काम आहे, घमेलं-फावडं घरून आणावं. खाते क्रमांक आणि स्कॅनर अभ्यासिकेच्या फलकावर आणि ग्रुपवर वर टाकलेला आहे, तेवढाच खरा, दुसऱ्या कुठल्या नंबरवर पैसे पाठवू नका. रोख देणाऱ्यांनी खजिनदार अण्णांकडे द्यावे आणि पावती घ्यावी, पावती न घेता जाऊ नये. सुरतवाल्यांचे पैसे एकत्र करायची जबाबदारी उधन्याच्या आपल्या पोरांनी घेतलीय. रोजचा जमाखर्च रात्री ग्रुपवर टाकतो. आखाजीच्या आठ दिवस आधी गवंडी दुसऱ्या कामाला जाणार आहे, त्याच्या आत सामान लागेल.

आपला,
सचिव, मंडळाच्या सर्व कार्यकर्त्यांच्या वतीने