बूट घेताना उतार डोळ्यांसमोर ठेव

सातारा,
६ जून

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार.

शर्यतीसाठी बूट कुठला घेऊ, हे विचारणारा तुझा मेसेज मिळाला. फोनवर तू नुसतं ‘नाव सांग, कुठला घेऊ’ म्हणशील आणि मी एखादं नाव सांगून मोकळी होईन, म्हणून सविस्तर लिहायला बसले. तू सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंस याचा मला किती आनंद झालाय, ते तू इथे आलीस की कळेलच.

आधी रस्ता नीट समजून घे, कारण बुटाचं उत्तर त्यातच आहे. पोलीस परेड ग्राउंडवरून निघायचं, शहरातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. एकूण २१ किलोमीटर. तुला जो भेटेल तो चढाची भीती घालेल. चढ दमवतो हे खरं, पण चढावर पाऊल जवळ पडतं, फार आपटत नाही. खरा मार बसतो उतरताना. सपाटीवर धावतानासुद्धा दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. उतारावर त्यात शरीर रोखून धरायचं काम वाढतं. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आवळून धरावे लागतात, म्हणून तर दुसऱ्या दिवशी जिना चढताना काही वाटत नाही आणि उतरताना कठडा धरावा लागतो. सोलापूरच्या सपाट रस्त्यावर तुला याचा अंदाज येणार नाही. तेव्हा दुकानात उभी असशील तेव्हा घाटाचा उतार डोळ्यांसमोर ठेव: पाय दमलेले, सप्टेंबरचा ओला रस्ता, आणि शेवट अजून आठ-नऊ किलोमीटर लांब.

हे जाड फोमचे बूट आज सगळीकडे दिसतात, पण ते आले उतारासाठीच. २००९च्या सुमारास उलट वारं वाहत होतं. पातळ तळाचे बूट घाला, अनवाणी धावल्यासारखं धावा, दुखापती टळतील, असं सांगितलं जात होतं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्प्सच्या कुशीतल्या आन्सी गावात निकोला मेर्मू आणि जाँ-लुक दियार या दोघांनी जाड तळाचे बूट करणारी होका कंपनी काढली. डोंगर वेगात उतरता यावा, हा त्यांचा हेतू होता. लोक त्या बुटांकडे चमत्कारिक नजरेने बघायचे. आता जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे तसा जाड बूट आहे.

पण जाड आणि मऊ म्हणजे चांगलाच, असं धरून चालू नकोस. दुकानात लोक बूट हातात घेऊन अंगठ्याने फोम दाबतात आणि ‘काय मऊ आहे!’ म्हणतात. अंगठ्याचा जोर केवढा आणि टाचेवर पडणारा भार केवढा! त्या दाबण्यातून काहीही कळत नाही. फोम दबला पाहिजे, आणि तेवढाच पटकन वर आला पाहिजे. फार मऊ फोम असला आणि टाचेखालचा तळ अरुंद असला, की घाटाच्या वळणावर पाय आत-बाहेर डुलतो आणि घोट्याला त्याचा हिशेब चुकवावा लागतो. म्हणून बूट टेबलावर ठेवून मागून बघ. तळ वरच्या भागापेक्षा रुंद पसरलेला हवा आणि टाच फोमच्या आत बसलेली हवी, वर ठेवलेली नको.

कुशनचा उपयोग होतो का, तर होतो. लक्झेंबर्गमधल्या संशोधकांनी ८४८ हौशी धावपटूंना दिसायला एकसारखे, पण फोम कमी-जास्त कडक असलेले बूट दिले. कडक बूटवाल्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला. २०२०मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट: मऊ बुटांचा फायदा हलक्या अंगाच्या लोकांना झाला, वजनदार लोकांना तसा दिसला नाही. आपण सगळे उलटंच समजत होतो. तू चणीने लहान आहेस, ‘मला कशाला एवढं कुशन’ म्हणून पातळ बूट घेऊ नकोस.

दुकानात तुझ्या तळव्याचा ठसा घेतील, कमान बघतील आणि ‘मॅडम, तुम्हाला हाच लागेल’ म्हणतील. अमेरिकेच्या सैन्यात हजारो जवानांना कमानीप्रमाणे बूट वाटून पाहिले, दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायात घालून चार पावलं धावल्यावर तुला बरं वाटतं की नाही, याला मी जास्त किंमत देते.

तुझी पोटरी आखडते म्हणतेस, म्हणून ड्रॉप मात्र नक्की विचार. टाचेखालची जाडी आणि चवड्याखालची जाडी यांतला फरक म्हणजे ड्रॉप. तो कमी असला की भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातो, जास्त असला की गुडघ्याकडे सरकतो. चढावर पोटरीला आधीच काम असतं, तेव्हा तू ८ ते १० मिलिमीटरच्या आसपास राहा. आणि जुन्या माहितीवर जाऊ नकोस. होकाच्या क्लिफ्टनचा ड्रॉप पूर्वी ५ होता, दहाव्या आवृत्तीत ८ झाला. ब्रूक्सचा घोस्ट १२वरून १०वर आला. नाव तेच राहतं, बूट बदलतो.

आता घालून बघण्याचं. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगलेले असतात. लांब धावतानाही ते असेच फुगतात. धावायचे मोजे बरोबर ने. बुटातली आतली गादी बाहेर काढ, जमिनीवर ठेव आणि तिच्यावर उभी राहा. बसून नाही, उभी राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन. चवडा गादीच्या कडेबाहेर येत असेल तर तो बूट कितीही आवडला तरी परत दे. तुझा चवडा रुंद आहे, तुला हे होणारच. अशा वेळी पुरुषांच्या फळीवरचा बूट मागून बघ, त्यांची नेहमीची रुंदी बायकांच्या नेहमीच्या रुंदीपेक्षा एक पायरी जास्त असते. पुढे अंगठाभर जागा ठेव. उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि नखं काळी पडतात.

पाय सरकू नये म्हणून लेस अशी बांध. घोट्याजवळ सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, बहुतेकांचं ते रिकामंच राहतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घाल, म्हणजे एक लहान फास तयार होईल. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावी लेस उजव्या फासातून, उजवी डाव्यातून ओढून घे आणि खाली दाबून गाठ मार. टाच जागेवर बसते, आणि पायाचा वरचा भाग आवळावा लागत नाही. घरी हे दोन-चार वेळा करून बघ.

तळ उलटा करूनही बघ. वजन वाचवायला काही बुटांना खाली रबर फार थोडं देतात, बराचसा फोम उघडाच असतो. ओल्या डांबरावर, विशेषतः रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, तो घसरतो. इथे तेव्हा पाऊस किंवा धुकं असतंच.

जमलं तर दोन जोड घे. खर्चाचं मला कळतं, हे बूट दहा हजारांच्या पुढेच जातात. पण एक मागच्या वर्षीचं मॉडेल उतरलेल्या भावात घेतलंस तरी चालेल. आठवड्याला ४० किलोमीटर धर, १२ आठवड्यांत ४८० होतात, आणि फोमचा जीव साधारण ५०० ते ८०० किलोमीटरच. म्हणजे एकाच जोडावर सराव केलास तर शर्यतीच्या दिवशी तो थकत आलेला असेल. शिवाय पावसाळ्यात भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. गादी काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन-तीन तासांनी बदलायचे आणि पंख्याखाली ठेवायचा. उन्हात नाही, हीटरजवळ तर नाहीच. लक्झेंबर्गच्याच मंडळींनी आणखी एक पाहिलं होतं: २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली, तेव्हा आलटून पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून दोन्ही जोड एकाच मॉडेलचे घेऊ नकोस.

तू कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळाच्या फोममध्ये कार्बनची कडक पट्टी घातलेल्या, बुटाचं विचारलंस. ते शर्यतीत वेग मिळावा म्हणून असतात. तुझ्या पहिल्या घाटाला त्याची गरज नाही, ते पैसे दुसऱ्या जोडाला लाव.

आणि नावं हवीतच तर घोस्ट, आसिक्सचा निम्बस, न्यू बॅलन्सचा १०८० आणि क्लिफ्टन, या चारांपासून सुरुवात कर. लांब सरावासाठी हे सगळेच चालतात. माझा कल तुझ्यासाठी घोस्टकडे आहे, पण तुझा पाय काय म्हणतो ते ऐक.

ऑगस्टमध्ये एक शनिवार-रविवार इकडे ये, दोन्ही जोड घेऊन. शनिवारी आराम कर, रविवारी पहाटे आपण यवतेश्वरपर्यंत चढू आणि सावकाश उतरू. परीक्षांचं बघून तारीख कळव, मी सुट्टी टाकते. काकूंना नमस्कार सांग, आणि शेंगाचटणी आणायला विसरू नकोस.

तुझी,
सुनीता