हार्लेमच्या ताईंना, जाहीरपणे

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. मी सुरुवात केली की "आज भाजी काय केलीस?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

सतराव्या शतकातली डच निसर्गदृश्यांची एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर छापलेली चित्रं) जमवायचा नाद तुम्ही मला लावलात, असं घरचे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. नाद होताच, त्याला शिस्त तुम्ही लावलीत. आधी कागद, मग चित्र, हा तुमचा पहिला नियम. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात छपाईच्या प्रेसवर हात काळे केलेल्या माणसाची ती नजर. तुमच्या स्वयंपाकघरात दिवा बंद करून तुम्ही एक ठसा, म्हणजे असं छापलेलं चित्र, खिडकीसमोर धरलात आणि कागदाच्या आतलं सगळं उघड झालं: कागद बनवायच्या साच्याच्या तारांच्या दाट आडव्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या, दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या उभ्या रेघा आणि मधोमध विदूषकाच्या घुंगरांच्या टोपीचं जलचिन्ह. अशा रेघा दिसल्या म्हणून ठसा जुना ठरत नाही, हेही लगेच बजावलंत. पण रेघांशिवायचा एकसारखा, गुळगुळीत 'वोव्ह' कागद असेल, तर तो ठसा सतराव्या शतकातला असूच शकत नाही. तसला कागद युरोपात आला तोच अठराव्या शतकाच्या मध्याला.

मग ठसा उलटा करून पाठीवरून बोट फिरवायला लावलंत. तांब्याच्या पत्र्याची कड कागदात दबलेली असते, ती बोटाला लागते. लागली नाही, तर बहुधा एक तर कागद त्या कडेच्या आत कापलेला असतो, नाही तर ते एचिंगच नसतं. भिंगाखाली रेषेऐवजी छपाईचे ठिपके दिसले की विषयच संपला.

दुसरे आभार अँथनी वॉटरलो या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारासाठी. रेम्ब्रांटचा चांगला ठसा पगारदार माणसाच्या आवाक्यातला नाही, हे सांगताना तुम्ही नाउमेद केलं नाहीत, सरळ दुसरी वाट दाखवलीत. जुन्या ठशांची सूची करणाऱ्या बार्ट्शच्या यादीत वॉटरलोची १३६ एचिंग आहेत. बहुतेक साधीच: जंगलातली पायवाट, ओढ्यावरचा लाकडी पूल, काठावर वाकलेलं झाड. १६९० मध्ये तो गेला, तरी त्याचे पत्रे पुढेही छापले जात राहिले. झिजले की पुन्हा कोरायचे, पुन्हा छापायचे. म्हणून नाव तेच असलं तरी एका ठशात पानांमधून उजेड झिरपतो आणि दुसऱ्यात सगळं झाड काळपट दिसतं. दोन्ही शेजारी ठेवून तुम्ही काही न बोलता चहा टाकायला उठलात. मला वाटतं, त्या चहाला उकळी येईपर्यंतच मी सगळ्यांत जास्त शिकले.

क्लास यान्स फिसर या डच चित्रकार-प्रकाशकाने १६१२च्या सुमारास हार्लेमच्या आसपासच्या रम्य ठिकाणांची एक मालिका काढली. लांबच्या प्रवासाला वेळ नाही त्या रसिकांनी ही चित्रं पाहावीत आणि फार विचार न करता विकत घ्यावीत, असं त्यात चक्क लिहिलंय! तुमचा सल्ला नेमका उलटा: आवडलं तरी एक रात्र जाऊ दे. मी तुमचंच ऐकते. (फिसरचं ऐकावंसं खूप वाटतं.)

पण खरे आभार ब्लूमेनडालच्या वाळूच्या टेकडीसाठी. रेम्ब्रांटचं १६५१चं ते आडवं एचिंग, साक्सनबुर्ख इस्टेटीचं. तिथे उभं राहून तुम्ही त्याचा फोटो मोबाइलवर उलटा करून माझ्या हातात दिलात, कारण पत्र्यावर सरळ काढलेलं दृश्य कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं आणि रेम्ब्रांटने त्याची फिकीर केलेली नाही. फोटो उलटवल्यावर हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चचं भलंमोठं छप्पर पुढ्यातल्या क्षितिजावर बरोबर जागेवर बसलं. चित्रात मधल्या माळावर कापडाचे लांब पट्टे उन्हात पसरलेले. हार्लेम तेव्हा लिनन शुभ्र करून देण्यासाठी नावाजलेलं होतं, आणि कागदही बनायचा तो लिननच्या जुन्या चिंध्यांचाच. इस्टेटीचा मालक क्रिस्टोफेल थाइस. रेम्ब्रांटने १६३९ मध्ये राहतं घर घेतलं ते त्याच्याकडून, आणि त्याचे पैसे अजून द्यायचे होते. सावकाराच्या जमिनीचं इतकं सुंदर चित्र कर्जदाराने काढावं! पुढे १६५६ मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालंच. घराच्या हप्त्यांनी तेव्हाही कुणाला सोडलं नाही, एवढंच तुम्ही म्हणालात आणि डब्यातली धपाटी काढलीत.

पाठीवरचे शिक्के वाचायलाही तुमच्यामुळेच शिकले. फ्रिट्स लुग्टचा संग्राहकांच्या शिक्क्यांचा १९२१चा कोश आता पॅरिसच्या फाँदास्याँ कुस्तोदिया या कलासंस्थेने इंटरनेटवर मोफत ठेवलाय, तरी माझा पहिला फोन तुम्हालाच असतो.

सध्या एक नवा वॉटरलो आलाय. कोपऱ्यात शिक्का आहे, पण अर्धा पुसलेला, एक अक्षर 'डी' असावं. जुन्या पुठ्ठ्यामुळे कडा तपकिरी झाल्यात, आणि मागे कुणीतरी चिकटपट्टी लावून ठेवलीय. मी हात लावलेला नाही. रविवारी घेऊन येते. भाजी मीच करून आणेन, म्हणजे तुम्हाला विषय बदलायला काही उरणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
अॅम्स्टलफेनची विद्यार्थिनी