मच्छरदाण्या वेळेत पोहोचण्यासाठी : भामरागडच्या मित्रास पत्र

ठाणे (पश्चिम)
9 नोव्हेंबर 2025

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या भागात औषधयुक्त, म्हणजे कीटकनाशक लावलेल्या, मच्छरदाण्यांचे वाटप व्हायचे आहे आणि मालाची ने-आण कशी बसवावी याविषयी मी सविस्तर लिहावे, असे तू म्हटले आहेस. हिवतापाच्या वैद्यकीय बाजूवर तुला काही सांगण्याचा मला अधिकार नाही. पण भिवंडीच्या गोदामांत माल उतरवून घेणे, साठवणे आणि तारखेला पुढे पाठवणे यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली आहेत आणि तुझे पत्र वाचताना मला सतत जाणवत होते की, या कामाचा निम्माअधिक भाग आमच्या धंद्यातलाच आहे. म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

मच्छरदाणीने काय साधते हे तू रोज पाहतोस, तरी आकडे पुन्हा वाचल्यावर मन भरून येते. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे 66 कोटी 30 लाख रुग्ण टळले आणि त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक केवळ औषधयुक्त मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे ओडिशाने 2017 मध्ये दुर्गम भागांत सुमारे 1 कोटी 10 लाख मच्छरदाण्या वाटल्या. त्याच वर्षी देशातली रुग्णसंख्या आदल्या वर्षापेक्षा 24 टक्क्यांनी उतरली आणि त्या उताराचे मोठे श्रेय ओडिशाला मिळाले. तपासणी, औषधोपचार आणि फवारणी यांचाही त्यात वाटा होता हे खरे, पण एवढा माल डोंगराळ पाड्यांपर्यंत नेणाऱ्यांचे काम मला फार मोठे वाटते. याउलट 2023 या एका वर्षात जगभरात 26 कोटी 30 लाख लोकांना हिवताप झाला आणि 5 लाख 97 हजार माणसे दगावली, त्यात सर्वाधिक आफ्रिकेतली लहान मुले. एक साधी मच्छरदाणी कारखान्यातून दोन डॉलरच्या आसपास निघते. एवढी स्वस्त वस्तू माणसाच्या अंथरुणापर्यंत वेळेत पोहोचू नये, याचे मला मनापासून दुःख होते.

माझे सांगणे एकच आहे : ही योजना गोदामापासून गावाकडे आखू नका, गावापासून गोदामाकडे मागे मागे आखा. जिल्ह्याच्या ठिकाणी गाड्या उतरल्या, साठा नोंदवहीत चढला, म्हणजे काम झाले असे कागदावर दिसते आणि सगळ्यांचा हात तिथेच सैल पडतो. वास्तविक सगळ्यांत अवघड टप्पा तिथून पुढे सुरू होतो.

आधी तारीख घे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटला, अशा बातम्या आम्ही इथे जवळजवळ दर पावसाळ्यात वाचतो. म्हणजे शेवटची मच्छरदाणी शेवटच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, मे महिन्याच्या अखेरीस टांगलेली हवी. तिथून मागे मोजत ये. वाटपाला दोन-तीन आठवडे, तालुक्याहून गावोगाव माल नेण्यास तितकेच, मोठ्या गाड्यांची वाहतूक आणि उतराई, त्याआधी कारखान्यातले उत्पादन आणि दर्जाची तपासणी आणि त्याच्याही आधी निविदा व मंजुरी. हे सगळे जोडले की ऑर्डर आदल्या पावसाळ्यातच निघालेली असावी लागते. तुमचा माल मंजूर झाला आहे असे तू लिहितोस, तर आता पुरवठादाराकडून गाडीनिहाय रवानगीची तारीख लेखी घे. आमच्याकडे दिवाळीचा माल गणपतीच्या सुमारास गोदामात यायला लागतो. तो उशिरा आला तर व्यापाऱ्याची विक्री बुडते, एवढेच. तुमचा माल जुलैत आला, तर हिवतापाचे ते वर्ष मच्छरदाणीविना जाते.

मे महिन्याविषयी एक गोष्ट तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मुंबईत बसून वेळापत्रक करणाऱ्याला ती सुचणार नाही. तो तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीची पाने गोळा करण्याचा, हंगाम आहे. माणसे पहाटे अंधारात जंगलात जातात आणि दुपारभर पुडकी बांधत बसतात. सकाळी अकराला आरोग्य पथक टोल्यावर पोहोचले, तर अर्धी घरे बंद मिळतील आणि ‘गैरहजर’ असा शेरा मारून माल परत येईल. मग वाटप एक तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावे किंवा संध्याकाळी तेंदू संकलन केंद्रावर पुडकी मोजून द्यायला सारे गाव जमते तिथे करावे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. लोक आपणहून एकत्र येतात, ओळख पटवायला शेजारीपाजारी हजर असतात आणि वेगळी सभा बोलवावी लागत नाही.

आता मोजणी. दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हा हिशेब सर्वमान्य आहे, पण लोकसंख्येला सरळ दोनाने भागले की माल हमखास कमी पडतो. एक गाव घे, चाळीस घरांचे. वीस घरांत पाच-पाच माणसे, वीस घरांत चार-चार. एकूण 180. दोनाने भागून 90 येतात. पण पाच माणसांच्या घराला तीन मच्छरदाण्या लागतात, अर्धी मच्छरदाणी कुणाला देता येत नाही. म्हणजे 60 आणि 40 मिळून गरज 100 ची. जागतिक आरोग्य संघटना खरेदीसाठी लोकसंख्येला 1.8 ने भागायला सांगते ते याचसाठी, आणि या गावात ते उत्तर बरोबर 100 येते. तरीही माझा आग्रह आहे की, भागाकारावर थांबू नका. आशाताईंकडून डिसेंबर-जानेवारीतच घरनिहाय यादी करून घ्या आणि तीत माणसांबरोबर झोपण्याच्या जागाही लिहा. आजी ओसरीवर झोपते, थोरला मुलगा अंगणात खाटेवर झोपतो, हे त्या यादीत आले पाहिजे. आणि पीक राखायला माणसे शेतातल्या माचाणावर झोपायला जातात, त्यांचे काय? कापणीच्या त्या दिवसांत डास भरपूर असतात आणि मच्छरदाणी घरी राहते. अशा घरांना एक जादा देण्याची तरतूद सुरुवातीलाच झाली, तर बरे होईल.

वाहतुकीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण इथेच मला काही कळते. मच्छरदाणी हा हलका पण पसरट माल आहे. एक नग साधारण अर्धा किलोचा, त्यामुळे गाडी वजनाने भरण्याआधी जागेने भरते. म्हणून भाडे ठरवताना टनाचा दर न बघता गाडीच्या पेटीची लांबी-रुंदी-उंची बघायची आणि एका गाडीत किती गासड्या बसतील ते पुरवठादाराकडून आधी विचारून घ्यायचे. गासडी यंत्राने दाबून बांधलेली असते. ती एकदा फोडली की आतला माल फुगतो आणि पुन्हा तेवढ्या जागेत काही केल्या बसत नाही. त्यामुळे तालुक्याच्या गोदामात गासड्या फोडून गावांचे वाटे करणे शक्यतो टाळा. शंभर नगांची गासडी पन्नास किलोच्या वर जाते, ती एकट्या माणसाला पायवाटेने नेता येत नाही. पन्नास नगांची पंचवीस-तीस किलोंची होते, ती सायकलवर, डोक्यावर किंवा नावेतून जाते. ऑर्डर देतानाच पन्नासाची बांधणी मागता येते का, हे विचार. गावांना गासडीच्या पूर्ण संख्येत माल द्यावा आणि सुटे नग फक्त उपकेंद्रावर एकाच ठिकाणी ठेवून तिथून बेरीज-वजाबाकी भागवावी.

मार्गाचेही बघ. तुमचा माल तमिळनाडूतल्या करूरहून येणार असे तू लिहितोस. देशातल्या मच्छरदाण्यांचा तो मोठा कारखानदारी भाग आहे. दक्षिणेकडून येणारी गाडी चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी करत थेट आलापल्लीला जाऊ शकते. तीच गाडी केवळ नोंदीसाठी गडचिरोलीला नेऊन उतरवायची, पुन्हा भरायची आणि पुन्हा आलापल्लीकडे वळवायची, यात दिवस जातात, दोनदा हमाली पडते आणि प्रत्येक चढउतारीत थोडा माल कमी होतो. एटापल्ली आणि भामरागड या दोन्ही तालुक्यांचा साठा थेट आलापल्लीस उतरवावा आणि जिल्हा कार्यालयाने आपला माणूस तिथे पाठवून मोजणी करून घ्यावी, असा प्रस्ताव तू आताच लेखी दे. कागद माणसाकडे जाऊ शकतो, तिथे गाडी कशाला न्यायची?

साठवणीचे नियम थोडे आहेत, पण पाळले जात नाहीत. गासड्या जमिनीवर न टाकता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचायच्या. उन्हात ठेवायच्या नाहीत, कारण प्रखर उन्हाने औषधाचा जोर जातो. धान्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत. तुमच्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा मे महिन्यात शाळेची एक खोली मिळू शकेल, फक्त छप्पर आधी बघून घे. वळिवाचा एक जोरदार पाऊस कौलांतून आत आला की रात्रीत मोठे नुकसान होते. इकडे एका गोदामात कापडाच्या थप्प्या अशाच भिजताना मी पाहिल्या आहेत. वरून कोरड्या दिसणाऱ्या थप्पीच्या तळाशी आठवड्याभराने बुरशी निघाली होती.

कागदपत्रांचा तुला कंटाळा आहे, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. तरी एवढे ऐक. प्रत्येक हस्तांतराला तीन प्रतींचे चलन असावे : एक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे आणि तिसरी पोच म्हणून मूळ गोदामाकडे परत. माल उतरताना समोर मोजायचा आणि तूट निघाली तर गाडीवान उभा असतानाच चलनावर लिहून त्याची सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी निघालेली तूट कुणाचीच नसते. लसींसाठी आपल्या देशात 2015 पासून ‘ईविन’ ही मोबाईलवरची साठा-नोंद पद्धत आहे आणि कोणत्या केंद्रात किती लस शिल्लक आहे, हे तिच्यामुळे वरपासून खालपर्यंत दिसते. मच्छरदाण्यांसाठीही तशी नोंद व्हावी, असे मला फार वाटते. आफ्रिकेतल्या बेनिनने 2020 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाची साथ असताना, मोहीम पुढे न ढकलता ठरलेली वाटपकेंद्रे रद्द करून मच्छरदाण्या घरोघरी पोहोचवल्या. घरांची नोंद मोबाईलवर आधीच झालेली होती, म्हणून एवढा मोठा बदल ऐनवेळी करता आला. तुमच्याकडे बऱ्याच ठिकाणी रेंज नाही, तेव्हा कागदावर लिहून रेंजमध्ये आल्यावर भरायची सोय ठेवावी लागेल.

हातात दिलेली मच्छरदाणी आणि टांगलेली मच्छरदाणी यांत फार अंतर आहे. देतानाच पिशवीतून काढून द्यावी. रिकाम्या पिशव्या पथकाने परत आणाव्यात, कारण त्या गावात राहिल्या तर लोक त्यांत धान्य भरतात किंवा चुलीत जाळतात आणि दोन्ही घातक आहे. पिशवीबाहेर काढलेला माल बाजारात विकलाही जात नाही. पहिल्यांदा वापरण्याआधी ती एक दिवस-रात्र सावलीत पसरून ठेवावी, हे तिथल्या माडिया बोलीत सांगणारे कुणीतरी पथकात हवे. पहिल्याच रात्री अंगाला खाज सुटली, चेहरा चुरचुरला, तर माणूस ती पुन्हा अंगावर घेत नाही. चार खिळे आणि हातभर दोरी ही तर माझ्या मते मालाच्याच यादीत हवी. दोरी नाही म्हणून घडी पेटीत राहिली, तर करूरपासूनचा सारा खर्च वाया गेला.

वाटपानंतर महिन्याभराने आणि पुन्हा सहा महिन्यांनी काही घरांत रात्री जाऊन बघण्याची तजवीज कर. मच्छरदाणीचे आयुष्य तीन वर्षे आणि वीस धुण्यांचे धरतात, पण कुडाच्या भिंती, चुलीच्या ठिणग्या आणि उंदीर यांपुढे ती किती टिकते, हे तुमच्याच घरांतून कळेल आणि पुढची ऑर्डर केव्हा द्यायची ते त्यावर ठरेल. मधल्या काळात लग्न होऊन आलेल्या मुली आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी उपकेंद्रावर कायम थोडा साठा हवा. तीन वर्षांनी एकदा मोठे वाटप आणि अधेमध्ये काहीच नाही, ही पद्धत मला पटत नाही.

इथल्याविषयीही एक लिहून ठेवतो. घोडबंदर रस्त्यावर नवे टॉवर उभे राहत आहेत आणि अर्धवट स्लॅबखाली मजूर उघड्यावर झोपतात. बाजूलाच साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. शहरात भर अळीनाशकावर आणि टाक्या झाकण्यावर असतो आणि तो योग्यच आहे, पण या माणसांना मच्छरदाणी देण्याची जबाबदारी ठेकेदारावर घालावी, म्हणून आम्ही काहीजण महानगरपालिकेला निवेदन देणार आहोत. तुमच्याकडे वापरलेला माहितीचा फलक असेल तर पाठव.

आता तुझ्याकडून मला गावांची यादी हवी आहे : घरे, माणसे, रस्ता कुठपर्यंत आहे आणि पुढे पायी किती. ती डिसेंबरअखेर मिळाली, तर कोणत्या गाडीत किती गासड्या, कुठल्या दिवशी आणि कुठे उतरवायच्या याचा तक्ता मी जानेवारीत करून पाठवतो. आलापल्लीत माल उतरेल तेव्हा चार दिवसांची रजा काढून मी स्वतः येईन. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत