नावं माहीत नाहीत, पण आभार मानायचेच आहेत

नवऱ्याच्या छळातून सुटून माझी ताई आणि तिची दोन्ही पोरं आता सुरक्षित आहेत, आणि ज्यांच्यामुळे आहेत त्यातल्या बऱ्याच जणांची नावंच आम्हाला माहीत नाहीत म्हणून इथे लिहितेय. सगळ्यात आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्या मॅडम, ताई दबक्या आवाजात बोलतेय म्हटल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं की नवरा आत्ता घरात आहे का. मग सखी सेंटर, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, तिथे थोडेच दिवस राहता येतं, पण तिथूनच एका संस्थेच्या निवाऱ्यात सोय झाली. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी शांतपणे सगळा अहवाल लिहून घेतला. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली राहायचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा एकाच अर्जात मागता येतं हे तोवर कोणीच सांगितलं नव्हतं, उलट चौकीतून 'घरचं भांडण घरात मिटवा' म्हणून परत पाठवलेलं!

निवाऱ्यातल्या मावशींचं तर काय सांगू. धाकटा बोलेना, जेवेना, तर त्याला समजावत बसल्या नाहीत, पोळ्या लाटताना शेजारी बसवून कणकेचा गोळा दिला हातात, आणि थोड्या दिवसांनी तोच म्हणाला अजून एक पोळी वाढा. शाळेच्या बाईंनी पण, जुन्या शाळेचा दाखला नव्हता तरी आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही म्हणत थोरलीला लगेच वर्गात बसवलं.

निवारा कुठे आहे ते मुद्दाम लिहीत नाहीये, ते गुप्तच राहायला हवं. तुमच्यापैकी कोणी वाचलंत तर ओळखालच. खूप खूप आभार, ताईकडूनपण.