एकोणीस दाते

सॉल्ट लेक सिटी,
१ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

तुझं एकोणीस दात्यांचं स्प्रॉकेट, चेनचं ते दातेरी चाक, जिंकलं आणि वीस दात्यांचं हरलं. दोन्ही तूच कापलेली, पण विसाचा हट्ट माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू उद्यमनगरात लेथ बंद करून, चहाचा कप बाजूला ठेवून निवांत वाचशील. फोनवर सांगायला घेतलं की तू मध्येच ‘जेट कितीचा होता?’ विचारतोस आणि पुढचं राहून जातं. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. जेटही, कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं ते भोक, येईल त्यात.

शेजारच्या आजोबांबद्दल तुला थोडं माहीत आहे. वय ७१, सगळी हयात तांब्याच्या खाणीतल्या मशीनशॉपमध्ये गेली. त्यांची मोटरसायकल, ट्रायम्फ टायगर ११०, ही १९५५ ची, त्यांनी ती एकोणिसाव्या वर्षी जुनी घेतली. ६४९ सीसी, दोन सिलिंडर, बिडाचं हेड, एकच अमाल मोनोब्लॉक कार्बोरेटर. नावातला ११० म्हणजे ताशी ११० मैल, आपल्या हिशेबात १७७ किलोमीटर. पन्नास वर्षं ही गाडी त्यांच्याकडे आहे आणि तिच्या नावातला आकडा त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. तो इथल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, घड्याळाच्या साक्षीनं बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. त्या वर्गातला विक्रम आमच्या आवाक्यातला नव्हताच. त्यासाठी दोन धावांची सरासरी लागते आणि आमच्यापेक्षा फार पुढची इंजिनं लागतात.

मीठ म्हटलं की तुला शिरोड्याची मिठागरं आठवतील, वाफे आणि ढिगारे. इथं तसलं काही नाही. हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या एका प्रचंड तळ्याचा हा तळ. हिवाळ्यात त्यावर वीतभर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि मागं क्षितिजापर्यंत एकच पांढरी फरशी उरते. ज्या वर्षी पाणी वेळेत आटत नाही त्या वर्षी काहीच होत नाही. २०१४, २०१५ आणि २०२२ साली ऑगस्टमधला स्पीड वीक, म्हणजे इथला वेगाचा आठवडा, रद्दच झाला. १९४९ पासून चालत आलेली ही जत्रा, आणि ती भरणार की नाही हे शेवटी पाणीच ठरवतं. ऊन वरून लागतं तसंच खालूनही लागतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आतसुद्धा कातडी भाजते. आणि पायाखालचं मीठ मात्र गार, ओलसर. गुडघे टेकून काम केलं की पँट भिजते आणि वाळल्यावर पत्र्यासारखी ताठ होते.

आता गाडीचं. हिवाळाभर आम्ही तिचं ओझं उतरवलं. दिवे, डायनॅमो, पुढचा मडगार्ड, सीटचा मागचा भाग, सगळं फडताळात. लुकासचा मॅग्नेटो ठिणगी स्वतःच तयार करतो, त्यामुळे बॅटरीची गरजच नाही. क्रँक बॅलन्स करून घेतला. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचे आहेत, म्हणून डाय पेनिट्रंट मारून तडा आहे का ते बघितलं, नव्हता. व्हॉल्व्ह सीटवर मी तीन रविवार घालवले. पोर्ट आणि कार्बोरेटरचा जोड बोटानं चाचपून चाचपून एकसारखा केला. पिस्टन रिंगची गॅप नेहमीपेक्षा जरा जास्त ठेवली. रस्त्यावर आपण पूर्ण थ्रॉटल दहा सेकंद धरला तरी खूप झालं. इथं तो दीड-पावणेदोन मिनिटं सलग धरायचा असतो आणि रिंगची टोकं एकमेकांना भिडली की पिस्टन गेलाच म्हणून समज.

तपासणीवाले फार कडक, आणि ते मला मनापासून आवडलं. ड्रेन प्लगला, ॲक्सलच्या नटला सेफ्टी वायर. हवेच्या नळीवर धातूचं टोपण, कारण प्लास्टिकचं टोपण त्या वेगात दगा देऊ शकतं. हँडल लटपटू नये म्हणून स्टिअरिंग डॅम्पर. चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी, म्हणजे तो पडला की इंजिन आपोआप बंद. आजोबांचा लेदर सूट त्यांनी बाह्यांपासून घोट्यापर्यंत चाचपला.

लेदरवरून आठवलं. १३ सप्टेंबर १९४८ ला याच मिठावर रॉली फ्री नावाच्या माणसानं व्हिन्सेंट मोटरसायकल पळवली. लेदरचे कपडे घालून १५० मैलांची रेघ थोडक्यात हुकत होती आणि वाऱ्यानं लेदर फाटलं. मग पठ्ठ्यानं सगळं उतरवलं आणि पोहायची चड्डी घालून, गाडीवर पोट टेकून, पाय मागं सरळ ताणून पुन्हा धाव काढली. १५०.३१३ मैल! आज कोणी तसं करू देणार नाही, आणि करू देऊही नये. पण हवा माणसाच्या कपड्यालासुद्धा कशी धरते हे त्यातून कळतं. आम्ही आजोबांच्या सैल बाह्यांना चिकटपट्टी गुंडाळली, पायदाणी मागं नेली, टाकीवर हनुवटी टेकायला फोमचा तुकडा लावला. गॅरेजच्या दारात गाडी स्टँडवर लावून ते रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्या अवस्थेत पडून राहायचे आणि मी समोरून बघून सांगायचो, ‘कोपर आत.’

आता तुझ्या-माझ्या भांडणाकडे येतो.

मी हिशेब असा मांडला होता. कंपनीच्या कागदावर ६५०० आरपीएमला ४२ अश्वशक्ती. इंजिनाकडे २४ दाते, क्लचला ४३, मागच्या चाकाला ४६. गिअरबॉक्सला वीस घातले की टॉप गिअरमध्ये एकूण ४.१२ चं प्रमाण, म्हणजे इंजिनाच्या ४.१२ फेऱ्यांना मागच्या चाकाचा एक फेरा. मागचं टायर एका फेऱ्यात २.०८ मीटर जातं. म्हणजे ६५०० ला १२२ मैल. मिठावर चाक थोडं घसरणार, पाच टक्के सोडले तरी ११६. वहीवर बघायला फार सुंदर दिसत होतं, मर्दा. तू म्हणालास, ‘एक दाता कमी ठेव, इंजिनाला दम राहू दे.’ मी तुला आकडे ऐकवले. तू काही बोलला नाहीस, आणि पार्सल उघडलं तर त्यात दोन स्प्रॉकेट. एकोणीसवालं वर्तमानपत्रात वेगळं गुंडाळलेलं. इथल्या दुकानात ही दोन्ही मिळतात, तुला माहीत आहे. मला तुझ्या हातचं हवं होतं म्हणून मागवलं होतं, आणि तू न मागता दुसरंही कापून पाठवलंस.

माझ्या हिशेबात एक गोष्ट उलटी होती. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. १०० वरून ११० वर जायचं तर ताकद एक तृतीयांशानं जास्त लागते. आणि बॉनव्हिल साधारण ४,२०० फुटांवर आहे, महाबळेश्वरापेक्षा थोडंसंच खाली. तिथं हवा विरळ, म्हणजे इंजिनाला श्वास कमी. तीच विरळ हवा समोरून अडवतेही कमी, त्यामुळे हे बरंचसं फिटतं. पण ओलसर मीठ चाकाला धरून ठेवतं ते काही उंचीनुसार कमी होत नाही. विसाच्या गिअरला ६५०० पर्यंत नेणारी ताकद तिथं इंजिनात नव्हतीच. मला हवा तो वेग मी आधी लिहिला आणि त्याला जुळणारे दाते शोधले. गाडी काय ओढू शकेल हे विचारलंच नाही.

आजोबा नवखे, म्हणून पहिली फेरी ठरवून दिलेल्या वेगाच्या आत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला आणि हवा गार असताना, पूर्ण थ्रॉटल. मी सुरुवातीच्या रेघेपाशी उभा होतो. आवाज पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरला छान चढत गेला आणि टॉप टाकल्यावर खाली बसला तो बसलाच. आपण तुझ्या वडिलांच्या येझदीवर डबलसीट पन्हाळ्याचा चढ चढायचो तेव्हा यायचा ना, तो आवाज. दोन मैल लांबूनही मला कळलं. टॅकोमीटर ५९०० च्या वर गेलाच नाही. वेळेच्या चिठ्ठीवर १०५.६. वहीप्रमाणे ५९०० ला १११ व्हायला हवे होते, म्हणजे पाच टक्के मिठानं खाल्ले. घसरणीचा माझा अंदाज बरोबर निघाला आणि बाकी सगळं चुकलं.

प्लग काढून बघितला. मुख्य जेट मी समुद्रसपाटीच्या २५० वरून उतरवून २३० चा घातला होता (हा घे तुझा जेट). पोर्सेलिन खालपर्यंत फिकट बदामी, काजळी नाही, ॲल्युमिनियमचे ठिपके नाहीत. म्हणजे पेट्रोल, ठिणगी, सगळं जागच्या जागी होतं. गाडीचा दोषच नव्हता. माझ्या एका दात्याचा होता.

या ट्रायम्फचं पुढचं स्प्रॉकेट बदलायचं म्हणजे प्रायमरी केस उघडा, तेल काढा, चेन काढा, क्लच पुलरनं ओढा, मग त्याच्यामागं हात पोचतो. मागचं स्प्रॉकेट ब्रेकड्रमसकट एकाच ओतकामाचं, त्यामुळे तिकडूनही पळवाट नाही. ताडपत्री अंथरली, कारण मिठाचा एक खडा क्लचमध्ये गेला तर संपलं. आजोबा नट एकेक करून डब्यात ठेवत होते. मला बोलायची लाज वाटत होती. शेवटी मी सांगितलं की माझ्या मित्रानं हे आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी तुझं एकोणीसवालं हातात घेऊन दात्यांच्या मुळाशी नखानं चाचपलं आणि विचारलं, हे कोणी कापलंय? मी तुझं नाव सांगितलं, कोल्हापूर सांगितलं, उद्यमनगर सांगितलं. ते म्हणाले, हा माणूस इंजिन ऐकून काम करतो.

काम करता करता ते बर्ट मन्‍रोबद्दल बोलत होते. तुला हा माणूस फार आवडेल. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचा. १९२० साली घेतलेली इंडियन स्काउट मोटरसायकल, मूळची ६०० सीसीची, कारखान्यातून निघाली तेव्हा जेमतेम ५५ मैल पळणारी. तीच गाडी त्यानं आयुष्यभर घडवली. शेडमध्ये जुने पिस्टन वितळवून स्वतः नवे पिस्टन ओतायचा, ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड कोरून काढायचा. जे तुटलं ते फळीवर मांडून ठेवायचा आणि त्या फळीवर वेगदेवाला वाहिलेलं असं लिहिलेलं होतं. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, याच मिठावर ९५० सीसीपर्यंत वाढवलेल्या त्या इंजिनानं त्यानं हजार सीसीच्या वर्गाचा विक्रम केला. तेव्हा नोंद १८३.५९ मैलांची झाली. पुढं त्याच्या मुलाला सरासरीच्या गणितात चूक सापडली आणि २०१४ मध्ये, बर्ट गेल्यावर ३६ वर्षांनी, तो आकडा दुरुस्त करून १८४.०८७ केला गेला. अर्ध्या मैलासाठी एवढं कशाला असं मला पूर्वी वाटलं असतं. त्या ताडपत्रीवर बसून नाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी रांगेत साडेतीन तास गेले. मी छत्री धरून उभा, आजोबा खुर्चीत, लेदर कमरेपर्यंत उतरवून. आमच्या पुढं एक बाई होत्या, त्यांची गाडी आमच्याहून जुनी. त्यांनी आम्हाला बर्फ दिला, आम्ही त्यांना चकल्या.

आणि मग, बाळ्या, टॉप गिअर पडला आणि आवाज खाली बसला नाही. क्षणभर दबला आणि पुन्हा चढायला लागला. चढतच राहिला. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहितानाही येतोय. ६६०० आरपीएम. चिठ्ठीवर ११२.४.

जास्त दात्यांनी १७० किलोमीटर, कमी दात्यांनी १८१. मी पिकअप घेऊन पोचलो तेव्हा आजोबा गाडीशेजारी मिठावर बसले होते. हेल्मेट मांडीवर. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, हातमोजा काढला आणि टाकीवर हात ठेवला. इंजिन गरम होतं, निवताना टिकटिक करत होतं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग त्यांनी ती चिठ्ठी मला दिली आणि म्हणाले, ही तुझ्या मित्राला पाठव. मी नको म्हणालो, पन्नास वर्षं वाट बघितलीत तुम्ही. ते ऐकेनात. तेव्हा खरी चिठ्ठी या पाकिटात आहे, त्यांच्याकडे मी तिची प्रत काढून ठेवली. मिठाचा डाग पडलाय कोपऱ्यात, तो पुसू नकोस.

घरी आल्यावर दोन दिवस नुसती गाडी धुतली. मीठ कुठं कुठं जातं बघ, स्पोकच्या निपलमध्ये, केबलच्या आत, मॅग्नेटोच्या झाकणाखाली. परवा हेड काढलं. पिस्टन स्वच्छ आहेत, डाव्याच्या स्कर्टवर दोन बारीक ओरखडे, बोटाला लागत नाहीत. एक्झॉस्टची व्हॉल्व्ह गाइड, व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या, मात्र दोन्ही सैल झाल्यात. बिडाच्या आहेत. बिडाच्याच घालाव्यात की फॉस्फर ब्राँझच्या, यावर आजोबांचं आणि माझं एकमत होत नाहीये. ते म्हणतात बिड, मी म्हणतो ब्राँझ, उष्णता लवकर सोडेल. यावेळी तुझं ऐकणार. जुन्या गाइडची मापं मागच्या पानावर काढून दिलीत, बाहेरचा व्यास मी तीन ठिकाणी मोजलाय. तुला जे पटेल ते कर. चार कर, दोनच पाठवू नकोस.

वहिनींना नमस्कार सांग. काकांना विचार, येझदीचं इंजिन अजून फडक्यात गुंडाळून ठेवलंय का. डिसेंबरात येतोय तेव्हा ते उघडून बघू.

तुझा,
संज्या